न सोडलेल्या फुग्याचा आलेख

चार वर्षांपूर्वींच्या वैशाखांत, एका रखरखीत दुपारीं, माझ्या भाच्यानें मला एक चित्र दाखविलें. त्या चित्रापायीं एका शेजाऱ्याचें नुकसान झालें, आणि माझ्या मनास जी टोंचणी लागून राहिली ती अद्याप गेलेली नाहीं. नुकसानीची गोष्ट शेजाऱ्यानें केव्हांच मनाआड केली. टोंचणी मात्र माझी मलाच निस्तरावयाची आहे. जें कोणीं पाहिलें नाहीं त्याचें हुबेहूब चित्र काढणें हें सत्याला धरून आहे काय, आणि तें चित्र दुसऱ्याच्या हातीं देणाऱ्यावर जबाबदारी कोणती येते, असा हा प्रश्न आहे. तो मीं माझ्यापुरता तरी सोडविला आहे असें नाहीं. पण गुंता कोठें आहे तें दाखवितां येईल असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आमचें केडगांव म्हणजे नगरच्या वेशीवरचें केडगांव नव्हे. पुण्याहून दौंडास जाणाऱ्या लोहमार्गावरचें, दौंड तालुक्यांतलें. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें हें नांव वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून, आणि पुढें १९०० च्या सुमारास गुजरातेंतून, बाईंच्या प्रयत्नानें कित्येक निराधार मुली येथें आल्या. १९२२ सालीं बाईंचा देहान्तहि येथेंच झाला. पावसाच्या लहरीचा हिशेब माणसांच्या जिवांत मांडला गेलेला पाहिलेलें असें हें गांव आहे. सह्याद्रि पाऊस अडवून धरतो आणि उरलासुरला आमच्या वांट्यास येतो. कालव्याचें पाणी आल्यापासून ऊंस वाढला खरा, पण आमच्याकडचा खरा जुगार कांद्याचा. उन्हाळी कांदा उपटून शेतांत पातीखालीं सुकत पडलेला असतो, नेमकी त्याच दिवसांत वळवाच्या ढगांची हालचाल सुरू होते. कांदा भिजला तर सडतो. आणि नीट सुकण्यापूर्वीं चाळींत भरला तरीहि सडतो. फरक इतकाच कीं दुसरी गोष्ट दोन महिन्यांनीं कळते.

भाचा त्या वेळीं पुण्यास पदवीचा अभ्यास करीत होता. विषय निराळाच, पण संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या त्यास चांगली अवगत, आणि सुटींत मामाकडे आल्यावर कांहीं तरी उद्योग हवा, म्हणून त्यानें हा हवामानाचा नाद धरला होता. त्यानें दाखविलेलें चित्र दिसावयास शाळेंतील आलेखासारखेंच होतें. उभ्या बाजूस हवेचा दाब, खालून वर कमी कमी होत गेलेला. तपमानाच्या रेषा मात्र सरळ उभ्या नसून उजवीकडे कललेल्या. या कललेल्या पटावर दोन वांकड्यातिकड्या रेघा: तांबडी हवेच्या उष्णतामानाची, हिरवी दवबिंदूची. जेथें त्या जवळ येतात तेथें हवा दमट, जेथें दूर सरतात तेथें कोरडी. एवढें ध्यानांत आलें म्हणजे खरी मौज पुढेंच आहे. जमिनीलगतच्या हवेचा एखादा गोळा वर ढकलला अशी कल्पना करावयाची. तो वर जातांना प्रसरण पावतो आणि दर किलोमीटरास सुमारें दहा अंशांनीं निवतो. निवतां निवतां त्यांतील बाष्पाचे जलकण बनूं लागले म्हणजे बाष्पांत दडलेली उष्णता बाहेर पडते, आणि मग तो पूर्वींइतक्या झपाट्यानें थंड होत नाहीं. असा गोळा भोंवतालच्या हवेपेक्षां उबदार राहिला तर आपल्या आपणच वर धांवूं लागतो. वळवाचा ढग म्हणजे हेंच. गोळ्याची रेघ आणि हवेची रेघ यांच्यामध्यें जें क्षेत्र सांपडतें, तें त्या ढगाच्या अंगीं किती बळ येऊं शकेल याचें माप होय. शास्त्रज्ञ त्यास 'केप' म्हणतात आणि दर किलोग्रॅम हवेस इतके ज्यूल अशा परिमाणांत तें सांगतात.

ही विद्या आम्हां पुणें जिल्ह्यांतील लोकांस अगदींच परकी नाहीं. असा एक नामांकित पट, टेफिग्राम, सर नेपियर शॉ यांनीं १९१५ च्या सुमारास विलायतेंत तयार केला. भाच्यानें वापरलेला कललेला पट १९४७ सालीं हेर्लोफ्सन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानें सुचविला. पण मधल्या काळांत, हवेचें तपमान, दवबिंदु आणि ओल्या फडक्यांतील तापमापकाचें तपमान या तिहींपासून काढलेल्या तीन रेषा वर जाऊन एकाच बिंदूंत मिळतात, हा सुंदर सिद्धान्त ज्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे ते चार्लस् नॉर्मंड १९२७ पासून १९४४ पर्यंत हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे मुख्य होते. आणि त्या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरची ती इमारत अजूनहि 'सिमला ऑफिस' या नांवानेंच ओळखली जाते. शेजारून रोज जाणाऱ्या हजारों माणसांस तो केवळ बसचा थांबा वाटतो, याला काय करावें!

"हा आज संध्याकाळीं साडेपांचचा केडगांवच्या आकाशाचा छेद, मामा," भाचा म्हणाला. घड्याळांत दुपारचा एक वाजला होता.

"फुगा कुठून सोडला?" मीं विचारलें. माझें ज्ञान जुनें. आकाशाचा वेध घ्यावयाचा म्हणजे वेधशाळेंतून फुगा सोडावयाचा, त्याखालीं टांगलेलें लहानसें यंत्र दाब, तपमान, आर्द्रता हीं रेडिओनें खालीं कळवीत जातें, आणि तीसएक किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो, एवढें मला ठाऊक होतें. जगांतील बहुतेक वेधशाळा हा फुगा दिवसांतून दोनदां, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळ-संध्याकाळच्या साडेपांचच्या वेधासाठीं, सोडतात.

"फुगा कशाला लागतो? मॉडेलमधून घेतला," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या स्वरांत फुग्याविषयीं किंचित् कींव होती.

मॉडेल म्हणजे काय हें त्यानें मग समजावून सांगितलें. सबंध पृथ्वीभोंवतालच्या हवेचे चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोनावर थरांवर थर रचावयाचे. कोठें फुगे, कोठें विमानें, कोठें जहाजें आणि वर उपग्रह, यांजकडून आलेलीं मापें घेऊन सध्यांची स्थिति ठरवावयाची. मग वायूच्या गतीचीं व उष्णतेचीं समीकरणें लावून कांहीं मिनिटांनीं काय होईल, त्यानंतर कांहीं मिनिटांनीं काय होईल, असें पाऊल पाऊल पुढें जावयाचें. अमेरिकेच्या सरकारी खात्याचें असें मॉडेल दिवसांतून चार वेळां चालतें आणि त्याचे आंकडे वाटेल त्यास फुकट मिळतात. त्यांतील जाळें पाव अंशाचें, म्हणजे सुमारें सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांचें. आमच्या पुण्यांतील उष्णप्रदेशीय हवामानसंस्थेनें तयार केलेलें, सहा किलोमीटरांच्या जाळ्याचें भारतीय मॉडेल २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झालें, पण ही गोष्ट त्यापूर्वींची. भाच्यानें काय केलें, तर केडगांवचे अक्षांश-रेखांश देऊन जवळच्या बिंदूवरचे सर्व थरांचे आंकडे मागविले, आणि पायथन नांवाच्या भाषेंत, मेटपाय नांवाचें तयार साधन वापरून, तीस-चाळीस ओळींत हें चित्र उमटविलें. दवबिंदु तर आलेल्या आंकड्यांत नव्हताच. सापेक्ष आर्द्रतेवरून तो आज्ञावलीनेंच काढला. दोन थरांच्या मधल्या जागेंत काय आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. तेथें सरळ रेघ मारली. आणि वर ठळक अक्षरांत लिहिलें: केडगांव.

केपचा आंकडा दोन हजारांच्या वर गेला होता. भाचा हरखून गेला होता, आणि खरें सांगावयाचें तर मीहि हरखलों होतों. जन्मभर वर पाहत आलों त्या आकाशाचा आंतला सांगाडा कोणी तरी उलगडून हातांत दिल्यासारखें वाटलें.

इतक्यांत शेजारचे तात्या आले. त्यांचा दीड एकर कांदा दोन दिवसांपूर्वींच उपटून शेतांत पडला होता. भाच्यानें त्यांस उत्साहानें चित्र दाखविलें आणि सांगितलें, "तात्या, आज संध्याकाळीं जोराचा पाऊस, गारा पण पडतील." तात्यांनीं चित्र दूर धरून, मग जवळ धरून पाहिलें, आणि विचारलें, "वर कोण गेलं होतं?"

आम्ही दोघे हंसलों. त्या हंसण्याची मला आज लाज वाटते. कारण माझ्या भाच्याच्या साऱ्या ओळींत जो प्रश्न नव्हता तो त्या एका वाक्यांत होता. मीं काय उत्तर दिलें? "तात्या, हें पंचांग नव्हे, शास्त्र आहे." पंचवीस वर्षें शाळेंत शिकविल्यामुळें माझ्या शब्दास गांवांत थोडेंफार वजन आहे, आणि तें वजन मीं त्या तागडींत टाकलें. तात्या उठले, दुप्पट मजुरी देऊन बायामाणसें गोळा केलीं, आणि दिवेलागणीपर्यंत पात कापून सगळा कांदा चाळींत भरला. संध्याकाळीं पश्चिमेस काळें आभाळ चढलें, वावटळ सुटली, दोन पत्रे उडाले, आणि सारें निवळलें. त्यानंतर आठ-दहा दिवस थेंब नाहीं. आषाढांत चाळीजवळून जातांना वास येऊं लागला. निम्म्याहून अधिक कांदा उकिरड्यावर गेला. "पोरानं चांगल्यासाठींच सांगितलं," असें म्हणून तात्यांनीं विषय संपविला. त्यांनीं दोन शब्द टाकून बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

चूक पुढें गणपतीच्या सुटींत सांपडली. आंकडे ज्या थरांचे येतात त्यांत अगदीं खालचा थर एक हजार हेक्टोपास्कल दाबाचा असतो. समुद्रकांठीं तो जमिनीच्या जरासा वर. पण केडगांव समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांच्या आसपास. येथें जमिनीवरचाच दाब साडेनऊशेच्या घरांत. म्हणजे हजाराचा थर आमच्या पायांखालीं, दगडामातीच्या आंत, कांहींशें मीटर खोल! मॉडेल तेथेंहि तपमान देतें, आर्द्रता देतें. जगाचा नकाशा सलग भरावा म्हणून वरच्या हवेवरून तीं कल्पून लिहिलेलीं असतात, आणि जाणत्यांस हें ठाऊक असतें. भाच्यानें तीं गाळलीं नाहींत. त्यामुळें त्याचा हवेचा गोळा निघाला तो जमिनीवरून नव्हे. जमिनीच्या पोटांतून, जेथें उंदीरघुशींखेरीज कोणीं श्वास घेतला नाहीं तेथून. तो अधिक उष्ण, अधिक दमट, आणि म्हणून अधिक जोमदार. तीं भूमिगत मापें गाळून पुन्हां चित्र काढलें तेव्हां दोन हजारांवरचा आंकडा चौदाशेंच्या खालीं उतरला.

भाच्याला हायसें वाटलें. चूक मिळाली, दुरुस्त झाली. मला मात्र तेथूनच खरा त्रास सुरू झाला. कारण चौदाशेंचा आंकडाहि पावसाला पुरेसा असूं शकतो, आणि तीन हजारांचा असूनहि कांहीं होत नाहीं. केप म्हणजे चुलींत रचलेलीं लांकडें. काडी कोणी ओढील कीं नाहीं तें त्यांत लिहिलेलें नसतें. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत वर कित्येकदां कोरड्या उबदार हवेचें झांकण असतें. तें फुटलें नाहीं तर खालची सारी ऊब तशीच विरून जाते. तेव्हां आंकडा बरोबर असता तरीहि भाचा तेंच बोलला असता, मीं तेंच वजन टाकलें असतें, आणि तात्यांचा कांदा तसाच सडला असता. मग दोष कशाचा? आंकड्याचा नव्हे, आम्ही जें सांगितलें त्याच्या जातीचा.

आपल्या नैयायिकांनीं यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. या मांडणीची आजच्या विज्ञानास गरज नाहीं असें पुष्कळांस वाटतें. मलाहि वाटत असे. पण आमचें चित्र यांपैकीं कशांत बसतें हें पाहूं लागलों तेव्हां कोठें माझे डोळे उघडले. तें प्रत्यक्ष नव्हे हें उघड आहे. मॉडेलच्या पातळीवर तें अनुमान आहे, आणि मोठें भारी अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथें विस्तव असला पाहिजे, या जुन्या उदाहरणांत निदान धूर आणि विस्तव एकाच डोंगरावरचे असतात. येथें धूर मुंबईच्या फुग्याचा, अरबी समुद्रावरच्या उपग्रहाचा, कोठल्या तरी विमानाचा, आणि विस्तव मात्र केडगांवचा, तोहि साडेचार तासांनंतरचा. मधली व्याप्ति समीकरणांनीं पुरविलेली. असें लांबचें अनुमान करूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु भाच्याच्या हातीं तें आलें तें अनुमान म्हणून नव्हे. त्यानें समीकरणें सोडविलीं नव्हतीं. दूरच्या यंत्रानें सांगितलें आणि त्यानें मानलें. म्हणजे त्याच्यापुरता तो शब्द झाला. आमच्याकडून तात्यांकडे गेला तो पुन्हां शब्दच, पण आतां आमच्या तोंडचा. आणि या दोन शब्दांच्या मध्यें चित्र उभें राहिलें. चित्राचा स्वभावच असा कीं तें पाहणाऱ्यास आपण वस्तूच पाहत आहों असा भास होतो. ऐकीव गोष्ट अशा रीतीनें प्रत्यक्षाचा अंगरखा घालून बाहेर पडली, आणि तो अंगरखा शिवणारे आम्ही.

ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्यास न्यायशास्त्रांत आप्त म्हणतात, आणि आप्ताचीं लक्षणें दोन: त्यानें वस्तु जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्यास इच्छा असावी. आमच्यापाशीं दुसरें लक्षण भरपूर होतें. पहिलें नव्हतें. नीतीचा विचार करतांना आपण नेहमीं दुसऱ्याच लक्षणाकडे पाहतों; हेतु शुद्ध होता ना, मग झालें. तात्यांनींहि आम्हांस त्याच कलमाखालीं सोडून दिलें. पण न जाणतां जाणल्यासारखें सांगणें हें असत्यच आहे, त्यांत लोभ नसला म्हणून तें सत्य होत नाहीं, असें आतां मला वाटूं लागलें आहे.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो माझ्या भाच्यानेंच घेतला. तो म्हणतो, फुगा तरी कोठें निखळ प्रत्यक्ष आहे? यंत्रांतील एका बारीक कणाचा विद्युत्-प्रतिरोध बदलतो आणि आपण त्याला तपमान म्हणतों. फुगा सेकंदास पांचएक मीटर वेगानें चढतो. वर जाईपर्यंत दीड-दोन तास लोटतात आणि वारा त्यास कित्येक किलोमीटर दूर नेतो. म्हणजे जो 'मुंबईचा साडेपांचचा छेद' म्हणून छापला जातो त्याचा माथा मुंबईचाहि नसतो आणि साडेपांचचाहि नसतो. शिवाय फुग्याचीं मापें मॉडेलच्या पोटांत आधींच गेलेलीं असतात. मग दोघांत जातिभेद कसला? हा आक्षेप मला पूर्णपणें खोडतां येत नाहीं. एवढेंच म्हणतां येतें कीं फुगा आपल्याला खोटें पाडूं शकतो. वर गेल्यावर त्यास भलतेंच कांहीं आढळण्याची शक्यता प्रत्येक वेळीं जिवंत असते; आपली अपेक्षा त्याच्या वाटेंत उभी राहत नाहीं. मॉडेलमध्यें आपली अपेक्षा हीच समीकरणांच्या रूपानें बसलेली असते. येथवर लिहून मी भाच्यास वाचून दाखविलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, फुग्याचें माप मॉडेलच्या अंदाजापासून फारच दूर गेलें तर कित्येकदां तें माप संशयित ठरवून बाजूला टाकतात." अशीं टाकण्याचीं कारणेंहि असतात, यंत्रें बिघडतात. तरीहि हें ऐकून मला कांहीं वेळ लेखणी खालीं ठेवावी लागली. साक्षीदारानें न्यायाधीशाच्या समजुतीविरुद्ध फार बोलूं नये असा नियम कोठल्याहि न्यायालयांत चालला नसता.

या सर्व विद्येचा जो आद्य पुरुष, ल्यूइस फ्राय रिचर्डसन, त्याची आठवण येथें होते. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या पथकांत काम करीत असतां त्यानें हवामानाचें पहिलें असें गणित हातानें केलें. दिवस निवडला तो उलटून गेलेला: २० मे १९१०. सहा तासांत दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत दाब जवळजवळ स्थिर होता. एवढा बदल पृथ्वीवर कोठें होत नाहीं. १९२२ सालीं त्याचा ग्रंथ निघाला, त्यांत हा फसलेला हिशेब त्यानें आंकड्यांसकट छापला. झांकला नाहीं. तोंपर्यंत त्यानें हवामानखात्याची नोकरीहि सोडली होती, कारण तें खातें विमानदलाच्या मंत्रालयाखालीं गेलें आणि तो युद्धाला विरोध करणारा क्वेकर होता. १९५० सालीं अमेरिकेंत एनियॅक नांवाच्या यंत्रावर पहिलीं यशस्वी गणितें झालीं तीं याच वाटेनें. ज्या वाटेची सुरुवात आपलें अपयश चव्हाट्यावर मांडून झाली, त्या वाटेवर आज आम्ही एका मुलाच्या तीस ओळींच्या बळावर ठाम भाकितें सांगत फिरतों.

मग बोलूंच नये काय? हाहि मार्ग या देशांत चालून पाहिलेला आहे. दुष्काळांच्या अनुभवानंतर १८७५ सालीं हवामानखातें निघालें आणि १८८६ पासून मोसमी पावसाचीं भाकितें नियमानें प्रसिद्ध होऊं लागलीं. १८९९ सालचें भाकीत सपशेल चुकलें. तो पावसाळा हिंदुस्थानच्या मोठ्या भागांत कोरडा गेला. सर जॉन एलियट तेव्हां मुख्य होते. पुढें या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं, कांहीं वर्षें भाकितें गुप्तच ठेवण्यांत आलीं. खात्याची अब्रू राखण्यास तें सोयीचें झालें असेल. पण १९०० साली येथें आगगाडींतून उतरलेल्या मुलींच्या बापांस त्या मौनाचा कांहीं उपयोग झाला असता असें मला वाटत नाहीं. चुकीचें बोलणें आणि गप्प बसणें या दोहोंतून एक निवडावयाचें अशी ही कोंडी नाहीं. बोलावयाचें कोणत्या जातीचें, हा प्रश्न आहे.

आणि येथें पंचांगाची मीं केलेली हेटाळणी मला परत घ्यावी लागते. पंचांगवाल्यावर माझा विश्वास नाहीं. नक्षत्राचें वाहन बेडूक असो कीं हत्ती, पावसाला त्याची वार्ता नसते. पण मृगाचा पाऊस चुकला म्हणून कोणी पंचांगवाल्याच्या दारीं गेलेला मीं पाहिला नाहीं. कां? कारण पंचांग कधीं केडगांवच्या दीड एकरावर साडेपांच वाजतां असें बोलत नाहीं. त्याचें ढोबळपण हीच त्याची कबुली असते. आमच्या चित्रांत अक्षांश होते, वेळ होती, दशांशचिन्हापुढचा आंकडा होता; आणि बारकावा हाच एक दावा असतो हें आम्हांला कळलें नाहीं. वास्तविक ज्या चौकोनाचा तो आंकडा, त्यांत भीमेकडचे उंसाचे मळे आणि भुलेश्वराच्या डोंगराकडचा कोरडा माळ एकत्र कांडून त्यांची सरासरी केलेली. ती हवा जशीच्या तशी ना मळ्यावर असते ना माळावर. तिच्यावर तात्यांच्या शेताचें नांव घालण्याचा आम्हांला अधिकार कोणीं दिला होता?

भाच्यानें आतां चित्र बदललें आहे. जमिनीखालचा भाग तो काळ्या तिरक्या रेघांनीं बुजवून टाकतो. गांवाचें नांव काढून तेथें 'केडगांवच्या आसपासच्या चौकोनाचें अनुमान; येथें फुगा सोडलेला नाहीं' असें मराठींत लिहितो. आणि एक रेघ काढण्याऐवजीं तीसएक काढतो. कारण तेंच मॉडेल सुरुवातीच्या स्थितींत जरा जरा फरक करून तीस वेळां चालविलें तर तीस निरनिराळे छेद मिळतात, आणि तेहि आतां वाटेल त्यास उपलब्ध आहेत. चित्र पूर्वींइतकें देखणें राहिलें नाहीं. खालीं रेघांची जुडी, वर केरसुणीसारखा फुललेला पसारा.

गेल्या चैत्रांत तात्यांचा कांदा पुन्हां शेतांत होता. या वेळीं ते आपण होऊन आले. भाच्यानें नवें चित्र पुढें केलें. तात्यांनीं पूर्वींप्रमाणेंच तें दूर धरलें, जवळ धरलें.

"यांतली आपली कोणती?"

"तें ठाऊक असतं तर बाकीच्या काढल्या नसत्या, तात्या," भाचा म्हणाला. "तीसांतल्या अकरा पाऊस म्हणतात. वर कोणी गेलेलं नाहीं."

तात्या कांहीं वेळ ओट्यावर बसले. तंबाखू मळली, पण तोंडांत टाकली नाहीं. मग म्हणाले, "रस्त्याकडचा वाळलाय, तेवढा भरतो. खालच्या वाफ्यांवर ताडपत्री टाकतो, राहूं दे." आणि गेले. त्यांच्या मागोमाग भाचाहि ताडपत्री ओढूं लागावयास गेला. मला गुडघ्यामुळें जातां आलें नाहीं.

रात्रीं साडेनऊच्या सुमारास आमच्या पडवीच्या पत्र्यावर टपटप थेंब वाजूं लागले. मी अंगणांत येऊन पाहिलें. तात्यांच्या शेतांत कंदिलाचा उजेड हलत होता. पांचेक मिनिटांनीं थेंब थांबले, आणि उजेड तेथेंच, एका जागीं, बराच वेळ राहिला.